इतर औषधे : नाही

"आणखी कुठली औषधं चालू आहेत का, काकू?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं. आई म्हणाली, "नाही हो. तुम्ही दिलेलीच फक्त." केसपेपरवर 'इतर औषधे' असा छापील रकाना होता. त्यातल्या 'नाही'वर डॉक्टरांनी खूण केली आणि पान उलटलं. मी आईच्या शेजारी बसले होते. तिची पर्स माझ्या मांडीवर होती, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालात बांधलेली, बोटभर उंचीची काचेची बाटली होती, पिवळसर करड्या पुडीने अर्धी भरलेली. त्याच दिवशी सकाळी तिने त्यातली थोडी पूड तळहातावर घेतली होती, वर अँटिबायोटिकची गोळी ठेवली होती आणि दोन्ही एकाच घोटात पोटात गेलं होतं. मी समोरच उभी होते. दवाखान्यात मात्र रुमालाच्या गाठीवर बोट ठेवून गप्प बसले.

परत येताना मी विचारलं, "का नाही सांगितलंस?" आई म्हणाली, "त्यात काय सांगायचं? ते काय औषध आहे का?" आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "सांगितलं असतं तर बंद करायला लावलं असतं त्यांनी." या दोन वाक्यांचं एकमेकांशी जुळत नव्हतं. ते औषधच नसेल तर बंद होण्याची एवढी धास्ती कशाला? पण हा गुंता तिच्या एकटीचा नाही. गुण येतो म्हणून घ्यायचं आणि अपाय नाही म्हणून सांगायचं नाही, असं कितीतरी जणांचं चाललेलं असतं. जे शरीरात जाऊन काही करतं, ते फक्त भलंच करेल, अशी खात्री आपण दुसऱ्या कुठल्या गोष्टीबद्दल बाळगत नाही. झाडपाल्याबद्दल मात्र बाळगतो. आणि मी? मला तर तेव्हा काही ठाम वाटतही नव्हतं. आईचं खोटं चारचौघांत उघडं पाडायचं नव्हतं, बाहेर बाकावर लोक खोळंबले होते आणि खरं सांगायचं तर त्या पुडीवर माझाही अर्धामुर्धा विश्वास होता. लहानपणापासून तिचा वास नाकात बसलेला आहे. ओल्या सालीसारखा, कडवट, मागाहून जरासा मातकट.

तो 'नाही' मात्र डोक्यातून जाईना.

आठ महिन्यांत तिसऱ्यांदा आईला लघवीचा संसर्ग झाला होता. ज्यांनी हे दुखणं भोगलंय किंवा घरात पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री दोन-अडीचला बाथरूमचा दिवा लागायचा. उजेडाची पट्टी दाराखालून माझ्या खोलीपर्यंत यायची. मग नळ सोडल्याचा आवाज. तो नळ ती मुद्दाम सोडायची, जळजळीने तोंडून निघालेलं 'आई गं' मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ते दोन्ही ऐकू यायचं. पहिल्या खेपेच्या कल्चर रिपोर्टवर ई. कोलाय या जिवाणूचं नाव होतं आणि खाली औषधांच्या यादीपुढे बहुतेक सगळीकडे 'एस'. एस म्हणजे हा जिवाणू त्या औषधाला दबतो. त्या यादीतली सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी तेव्हा दिली होती. तिने बरं वाटलं, पण पुरतं नाही. दुसऱ्या खेपेला अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची जोडगोळी दिली. तिसरा रिपोर्ट मी जिन्यातच उघडला. एकाखाली एक 'आर', 'आर', 'आर'. आर म्हणजे जुमानत नाही. कागदावरच्या त्या अक्षरांकडे बघताना मला एकदम वाटलं की हा जंतू आपल्याला ओळखायला लागलाय.

तशी ओळख पटवून घेणं हाच त्यांचा धंदा आहे. पेनिसिलिनसाठी 1945 साली नोबेल स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंगनी भाषणात सांगून ठेवलं होतं की अपुऱ्या मात्रेत औषध घेतलं तर जंतू मरायच्या ऐवजी औषधाला तोंड द्यायला तयार होतील. 2019 या एका वर्षात जगभरात अंदाजे 12 लाख 70 हजार माणसं थेट अशा तयार झालेल्या जिवाणूंमुळे गेली, असं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2022च्या मोठ्या अभ्यासात आहे. आकडा वाचून मी पुढे गेले असते. पण माझ्या हातात तो कागद होता आणि वरती नळ सुरू होता.

पूड आजीची. म्हणजे आजीच्या वहीतल्या एका पानावरची. पाच नावं, त्यांपुढे प्रमाण, आणि तळाशी तिरक्या अक्षरात 'लघवीच्या दुखण्यावर गुणकारी'. गोखरू, पुनर्नवा, दारुहळद, पाषाणभेद, आणि शेवटी शंखभस्म. आई ती अजून स्वतः खलते, चाळते, पुन्हा खलते. खलात बत्ता फिरवताना ती गप्प असते. तेवढ्या वेळात मला ती माझी आई न वाटता आजीची मुलगी वाटते. त्यामुळे बाटलीकडे निव्वळ मिश्रण म्हणून बघणं मला कधीच जमलेलं नाही. एखाद्या औषधाला नाही म्हणता येतं. एका हस्ताक्षराला नाही कसं म्हणायचं?

रिपोर्ट आला त्या रात्री मी त्या पाच नावांच्या मागे लागले, आणि दारुहळदीपाशी अडकले. तिच्या खोडाचा आणि मुळाचा तो गर्द पिवळा रंग बर्बेरीन या द्रव्याचा. बर्बेरीन जिवाणूंना मारक आहे, पण फार नाही. कारण जिवाणूंच्या आवरणात पंप असतात. नको असलेलं काही आत शिरलं की ते उपसून बाहेर फेकायचं हे त्यांचं काम, होडीत शिरणारं पाणी कुणी सतत बादलीने उपसत राहावं तसं. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाच्या जिवाणूत असाच एक पंप आहे, त्याला नॉर-ए म्हणतात. बर्बेरीन आत शिरतं आणि हा पंप ते बाहेर टाकतो. हाच पंप सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधंही उपसून टाकतो. मग झाडाने काय केलं? फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुईस या संशोधकांच्या गटाने 2000 साली दाखवून दिलं की दारुहळदीच्याच जातकुळीतली काही अमेरिकी झुडपं बर्बेरीनच्या बरोबरीने आणखी एक द्रव्य बनवतात. मेथॉक्सिहिड्नोकार्पिन असं त्याचं लांबलचक नाव. गंमत अशी की हे द्रव्य एकट्याने एकाही जंतूला मारत नाही. ते फक्त पंप अडवून धरतं. मग आत शिरलेलं बर्बेरीन आतच राहतं आणि आपलं काम करतं.

इथे मी थांबले. पाणी प्यायले. पुन्हा तेच वाचलं.

झाड एका शस्त्रावर विसंबून राहिलेलं नाही. एकाने वार करायचा आणि दुसऱ्याने शत्रूचा हात धरायचा, ही वाटणी त्याने फार पूर्वीच करून टाकली आहे. आणि मग मला दुसऱ्या खेपेच्या त्या जोडगोळीची आठवण झाली. पट्टीवर दोन नावं होती, ती मी तेव्हा नुसती वाचली होती. त्यातलं अमॉक्सिसिलिन जंतूला मारतं. पण पुष्कळ जिवाणू ते फोडून टाकणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची स्वतःची मारण्याची ताकद अगदी नगण्य. ते त्या विकराला गळामिठी घालून निकामी करतं, एवढंच. आणि ते आलं कुठून, तर मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंपैकी एकाकडून. म्हणजे ज्याला आपण शुद्ध आधुनिक गोळी समजतो तिच्यातही हीच युक्ती आहे, आणि तीही निसर्गाकडूनच घेतलेली. आजीच्या वहीतलं मिश्रण आणि ती पट्टी यांच्यामध्ये मी मनात जी भिंत बांधली होती, तिला त्या रात्री पहिली भेग गेली. पारंपरिक औषधं अँटिबायोटिकच्या जोडीला वापरता येतील का, हा प्रश्न भाबडा नाही. मला तर तो फार मोलाचा वाटतो. नवीन अँटिबायोटिक सापडणं इतकं दुर्मीळ झालेलं असताना जुन्या औषधांच्या हातांना बळ देणारं काही झाडांमध्ये दडलेलं असेल, तर ते शोधायलाच हवं.

या विचाराने मी काही दिवस हवेत होते.

माझी एक मैत्रीण सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला बाटलीबद्दल सांगितलं तेव्हा तिने ना नाक मुरडलं ना कौतुक केलं. म्हणाली, "ये, तुला एक दाखवते." तिच्या टेबलावर तळहातापेक्षा थोडी मोठी पारदर्शक प्लास्टिकची प्लेट होती. आठ ओळी, बारा रकाने, एकूण 96 इवल्या खाचा. डावीकडून उजवीकडे अँटिबायोटिक दर खाचेत निम्म्याने कमी होत जाणारं. वरून खाली वनस्पतीचा अर्क, तोही तसाच निम्म्याने उतरत जाणारा. म्हणजे दोघांच्या चढ-उताराच्या निरनिराळ्या जोड्या एकाच प्लेटवर मांडलेल्या. प्रत्येक खाचेत सारखेच जिवाणू सोडायचे, रात्रभर 37 अंशांवर ठेवायचं आणि सकाळी रेझाझुरिन नावाचा निळा रंग घालायचा. जिथे जिवाणू जिवंत आहेत तिथे त्यांच्या श्वसनाने तो रंग गुलाबी होतो. जिथे कुणी उरलं नाही तिथे निळा तसाच राहतो. बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी, म्हणून या पद्धतीला चेकरबोर्ड म्हणतात.

तिने तीन प्लेटा एकापाठोपाठ एक उजेडात धरल्या. पहिलीत निळा भाग आत घुसला होता, पार कोपऱ्याच्या दिशेने, जिथे दोन्ही औषधं अगदी थोडी होती. दोघांनी मिळून ताकद वाढवली होती. "प्रत्येकाची एकट्याची जेवढी मात्रा लागते, त्याच्या पाव-पाव मात्रेत काम झालं तर बेरीज अर्धी होते," ती म्हणाली. "अर्धी किंवा त्याहून कमी आली तरच आम्ही जोडी जमली म्हणतो." दुसऱ्या प्लेटवर निळ्या-गुलाबीची सीमा काटकोनात होती. दोघं एकाच घरात राहत होते, पण एकमेकांशी देणंघेणं नव्हतं. बहुतेक प्लेटा अशाच निघतात, असं ती म्हणाली. तिसरी प्लेट मी बराच वेळ हातात धरून बसले. तीत गुलाबी रंग पुढे सरकला होता. जिथे एकटं अँटिबायोटिक पुरेसं होतं, त्या खाचांमध्येही अर्क मिसळल्यावर जिवाणू सुखाने वाढले होते. छान, स्वच्छ गुलाबी रंग. एरवी मी त्याला सुंदर म्हटलं असतं.

मी विचारलं, "असंही होतं?" ती म्हणाली, "होतं ना. मिसळलं म्हणजे मदतच होईल असं कुणी सांगितलं?"

मग तिने माझी उरलीसुरली हवाही हळूहळू काढली, पण मायेने. म्हणाली, "आणि पहिली प्लेट बघून हुरळून जाऊ नकोस. ही प्लेट आहे, माणूस नाही." खाचेत अर्क थेट जंतूच्या अंगावर पडतो. माणसाने तोंडावाटे घेतलं की आतडं आणि यकृत यांच्या चाळणीतून जावं लागतं. बर्बेरीन तोंडाने घेतलं तर रक्तात पोचतं ते शंभरात एक भागही नाही. हळदीतल्या कर्क्युमिनची तर आणखी वेगळीच कथा. प्रयोगशाळेत ते जवळपास कशावरही परिणाम दाखवतं. पण ते स्वतः पिवळं, प्रकाशात चमकणारं, प्रथिनांना आणि धातूंना जिथे तिथे चिकटणारं, त्यामुळे चाचणी घेणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ जाते. 2017 साली रसायनशास्त्रज्ञांनी त्यावरच्या ढीगभर संशोधनाचा सडेतोड हिशेब मांडला आणि माणसांवरच्या नीट आखलेल्या चाचण्यांतून हाती भक्कम असं काही लागलेलं नाही असा निष्कर्ष काढला. हे ऐकताना मला वाईट वाटलं. हळदीबद्दल मनात जे आहे ते काही शास्त्रावर उभं नव्हतं, तरी वाईट वाटलं.

मिरीतलं पायपरिन घ्या. ते जिवाणूंमधला तो नॉर-ए पंपही अडवतं असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण त्याची खरी करामत माणसाच्या शरीरात चालते. आतड्यात आणि यकृतात औषधं मोडून टाकणारी जी यंत्रणा आहे, तिला ते मंद करतं. मग बरोबर घेतलेलं औषध रक्तात जास्त पोचतं आणि जास्त टिकतं. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनची मात्रा 450 मिलिग्रॅमवरून 200 वर आणून जोडीला फक्त 10 मिलिग्रॅम पायपरिन घातलेली कॅप्सूल भारतात मंजूरही झालेली आहे. हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात प्रामाणिक उदाहरण वाटतं, कारण त्यात कुणी कुणापासून काही लपवलेलं नाही. वनस्पतीतलं द्रव्य किती, अँटिबायोटिक किती, एकामुळे दुसऱ्याचं काय होतं, हे मोजून, माणसांच्या रक्तात तपासून मग ते एकत्र आणलं. आपल्या वैद्यकात 'योगवाही' असा फार नेमका शब्द आहे, दुसऱ्याचा गुण वाहून नेणारा. पण वाहून नेणारा निवड करत नसतो. पायपरिनने रिफॅम्पिसिन वाढतं तसंच अपस्मारावरचं फेनिटॉइनही वाढतं, आणि त्याची मात्रा थोडी जरी चढली तरी माणसाला चक्कर येते, तोल जातो. ज्याच्या घरात अशी गोळी चालू आहे, त्याने मूठभर चूर्ण सुरू केलं आणि डॉक्टरांना 'नाही' म्हणून सांगितलं, तर तो तोल कशाने गेला हे कोण शोधून काढणार?

आणि मग मी पाचव्या नावापाशी आले. शंखभस्म.

खरं तर मी ते सुरुवातीला वगळलंच होतं. बाकी चार वनस्पती, त्यांच्यात काहीतरी गूढ दडलेलं असणार, त्यामुळे त्यांच्यामागे लागले. शंखभस्म म्हणजे शंख जाळून केलेली पांढरी भुकटी, तिच्यात काय असणार? कॅल्शियम. नुसतं कॅल्शियम. आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या माहितीपत्रकात, आपण घडी न उलगडता फेकून देतो त्या कागदावर, बारीक टाइपात लिहिलेलं असतं की कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, जस्त असलेल्या गोष्टी या गोळीबरोबर घेऊ नयेत. गोळी त्यांच्या दोन तास आधी घ्यावी किंवा सहा तास नंतर. कारण पोटात ही धातूची कणं आणि औषध एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि ती जोडी रक्तात शिरतच नाही, जशीच्या तशी बाहेर पडते. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचंही असंच. दोन औषधं एकमेकांच्या मदतीला धावतील म्हणून आईने ती एका तळहातावर ठेवली, आणि ती दोघं एकमेकांच्याच गळ्यात पडून बसली असतील.

असतील, म्हणते. पुडीत भस्म किती होतं, त्यातलं किती विरघळलं, गोळीचा किती भाग अडकला, हे कुणी मोजलेलं नाही. पहिल्या खेपेला संसर्ग पुरता गेला नाही तो त्यामुळे, की मूत्राशयाच्या अस्तरात दडी मारून बसण्याच्या या जिवाणूच्या खोडीमुळे, की आणखी कशामुळे, हे आता कधीच कळणार नाही. पण मला फ्लेमिंगचं ते वाक्य आठवलं, अपुऱ्या मात्रेचं. पूर्ण मात्रेची गोळी गिळूनही जंतूपर्यंत अपुरी पोचू शकते. आणि ती सकाळ आठवली. तळहातावरची करडी पूड, तिच्यावर ठेवलेली पांढरी लांबट गोळी, आणि आईच्या चेहऱ्यावरचं समाधान, की आज दोन्हीकडचं बळ मिळणार. त्या दृश्यात चुकीचं असं काहीच नव्हतं. म्हणून तर ते इतकं सलतं.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली, ती श्रेयाची. तिसऱ्या दिवशी जळजळ कमी झाली की आई म्हणायची, "पुडीने बघ कसा उतार पडला." आणि दुखणं उलटलं की "या गोळ्या आता काही लागू पडत नाहीत." बरं वाटण्याचं श्रेय एकाला, अपयशाचं खापर दुसऱ्यावर. मग पट्टीत शेवटच्या तीन-चार गोळ्या उरायच्या आणि पूड मात्र चालू राहायची. तिला दोष द्यायचा तर मी कुठल्या तोंडाने देऊ? माझ्याही कपाटात अशा अर्धवट पट्ट्या आहेत. पण या विषयात मला सगळ्यात भीती वाटते ती इथेच. जोडीला म्हणून आलेली गोष्ट कधी जागा घेऊन बसते ते कळत नाही. जर्मनीत सुमारे 400 स्त्रियांवर झालेली एक चाचणी 2021 साली प्रसिद्ध झाली. लघवीच्या साध्या संसर्गात निम्म्या जणींना आधी अँटिबायोटिक दिलं आणि निम्म्या जणींना आधी बेअरबेरी या वनस्पतीच्या पानांचा अर्क. अर्कवाल्या गटात पुष्कळ जणींना अँटिबायोटिकची गरज पडली नाही, ही मोठीच गोष्ट. पण त्यांचा त्रास जास्त आणि लांबलेला होता, आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग चढल्याच्या घटनाही त्याच गटात अधिक होत्या. मला ही चाचणी आवडते, कारण ती दोन्ही बाजूंना अर्धीच खूश करते. ज्या बाईची तब्येत धडधाकट आहे आणि जिच्यावर कुणाचं लक्ष आहे, तिने थोडा त्रास सोसून अँटिबायोटिक टाळायचं ठरवलं तर मी समजू शकते. बहात्तर वर्षांच्या, आठ महिन्यांत तीनदा आजारी पडलेल्या माझ्या आईने तो डाव खेळू नये.

हे सगळं आईला सांगायला मला आठवडा लागला. शास्त्र सांगायला सोपं होतं, आजीची पूड चुकीची होती असं न म्हणता ते सांगणं कठीण. शेवटी मी पंपापासून सुरुवात केली. होडी, बादली, बादली धरून ठेवणारा दुसरा. ती खल पुसत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे दारुहळदीला कळत होतं." मी म्हटलं, "हो, एका परीने." मग भस्माचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. खलाच्या कडेला चिकटलेली पूड नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "माझ्या आईच्या वेळी ही गोळी कुठे होती?" हे मला सुचलं नव्हतं. वहीतलं ते पान लिहिलं गेलं तेव्हा पुडीला गोळीशी बोलायचंच नव्हतं. आजी चुकली नव्हती. तिच्या पानाशेजारी आपण एक नवीन पान ठेवलं आणि दोन्ही मिळून कुणी वाचलंच नाही.

पुढच्या भेटीला बाहेर बाकावर बसलेलो असताना मी म्हटलं, "बाटली मी टेबलावर ठेवणार आहे." आई म्हणाली, "ठेवते मीच. आणि बोलीनही मीच." आत गेल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तशाच लिहिता लिहिता. आईने पर्स उघडली, रुमालाची गाठ सोडली, बाटली त्यांच्यासमोर ठेवली. पेन थांबलं. डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला, थोडी पूड कागदावर घेऊन बोटाने पसरून बघितली. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या थकल्यासारख्या दिसल्या, आणि मग म्हणाल्या, "किती दिवसांपासून?" "पहिल्यापासून." "यात काय काय आहे, सांगता?" आईने शुद्धलेखन घालावं तशी एकेक नावं सांगितली आणि बाकी सगळं इंग्रजीत लिहिलेल्या त्या केसपेपरवर डॉक्टरांनी ती मराठीत उतरवून घेतली. गोखरू. पुनर्नवा. दारुहळद. शंखभस्मापाशी त्यांनी वर बघितलं. "गोळीबरोबर घेत होतात?" "एकाच घोटात," आई म्हणाली. डॉक्टरांनी मागची पानं उलटून पहिल्या खेपेची चिठ्ठी काढली, सिप्रोफ्लॉक्सासिनखाली रेघ ओढली आणि क्षणभर तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "या वेळच्या गोळ्या संपेपर्यंत पूड बंद. पूर्ण संपेपर्यंत. नंतर घ्यायची की नाही ते आपण बसून ठरवू, पण मला न सांगता सुरू नका करू." आई म्हणाली, "बरं." तिच्या तोंडून इतकं सरळ 'बरं' मी क्वचित ऐकलंय.

"आणि राहिलेलं पाचवं?"

"पाषाणभेद."

"म्हणजे नेमकी कुठली वनस्पती?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी वाचून ठेवलं होतं, पण त्याने उत्तर मिळत नव्हतं, उलट प्रश्न वाढत होता. पाषाणभेद या एका नावाने निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. कुठे बर्जेनियाचं मूळ, कुठे कपूरमाधुरी, कुठे पानफुटी, कुठे आणखी काही. नावाचा गोंधळ किरकोळ नसतो. 1990च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच वनस्पती पडली आणि शंभराहून अधिक जणींची मूत्रपिंडं कायमची बिघडली. आजीच्या बाटलीतला पाषाणभेद कुठला होता आणि आईने पुढे आणला तो कुठला, दोन्ही एकच का, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. "वहीत एवढंच नाव आहे," आई म्हणाली. डॉक्टरांनी नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. वर 'नाही'वरची जुनी खूण खोडली आणि 'आहेत'वर केली.

आईने चष्मा लावला, कागद स्वतःकडे वळवून घेतला आणि पाचही नावांवरून बोट फिरवलं. शेवटच्या नावावर ते थांबलं. "पाषाणभेदातला ष पोटफोड्या," ती म्हणाली. डॉक्टरांनी 'श' खोडून 'ष' केला. प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं.